मुलतानीतली हळहळ

डोळे मिटा पाहू. दोन्ही नको, एकच मिटा. दुसरा वाचायला लागेल.

आता अशी कल्पना करा की तुम्ही भोपाळमध्ये आहात. बाग सेवनियातल्या एका इमारतीचा तिसरा मजला. रविवारची दुपार, चार वाजून गेलेत. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली आहे आणि तिच्यावर सात म्हातारी माणसं डोळे मिटून बसली आहेत. कोणी मान डोलावतंय, कोणी मांडीवर ताल धरतंय. एक जण घोरतोय, पण तालात घोरतोय, म्हणून त्याला कोणी उठवत नाही. कोपऱ्यातल्या दोन उंच स्पीकरमधून गाणं येतंय. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुमच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या आहेत. समोर चिवड्याचं ताट आहे, पण गाणं संपेपर्यंत चिवडा खायचा नाही असा नियम आहे, कारण कुरकुर ऐकू येते.

झाली कल्पना? मग जुई पांढरीपांडेचे रविवार कसे जात असत ते तुम्हाला कळलं.

जुईचे आई-बाबा या वेळी भाजी आणायला जात. पाच जणांच्या घराची भाजी आणायला त्यांना दर रविवारी तीन तास लागत आणि ते परत येत तेव्हा पिशवीत एक कोबी असे. जुईला त्यांचा राग येत नसे. तिला फक्त आपल्यालाही एकदा कोबी आणायला न्यावं असं वाटे.

पण ती जात नसे, आणि त्याला एक कारण होतं. ही खोली म्हणजे नुसती खोली नव्हती, ते रेडिओ स्टेशन होतं. जुईचे आजोबा विनायक पांढरीपांडे, ज्यांना घरात सगळे आबाजी म्हणत, वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, आणि येताना नागपूरच्या उन्हाळ्याचा अभिमान आणि गाण्याचं वेड सोबत घेऊन आले. वेड आबाजींकडे आलं. निवृत्तीनंतर त्यांचा धाकटा मुलगा, जुईचा अभिजीतकाका, याने त्यांना कॉम्प्युटरवरून चालणारा एक छोटा रेडिओ उभा करून दिला. नाव ‘रेडिओ सेवनिया’. चोवीस तास शास्त्रीय संगीत. श्रोते एकेचाळीस. त्यांपैकी सात समोर सतरंजीवर बसलेले असत आणि एक कॅनडात होता, ज्याला गाणं ऐकल्याशिवाय झोप लागत नसे.

एकेचाळीस म्हणजे फार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. पण टेबलावरचा तो काळा माइक आणि त्याच्या बुडाशी असलेला लाल दिवा तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही मोजत बसला नसता. दिवा लागला की जे बोलाल ते कॅनडापर्यंत जाई. जुईला त्या माइकसमोर बसून निवेदन करायचं होतं. सायकलपेक्षा, मोबाइलपेक्षा, कोबीपेक्षा तिला ते हवं होतं.

आबाजींची त्याला एक अट होती. “आधी कान तयार कर बेटा. दाद कुठे द्यायची ते कळल्याशिवाय माइक नाही.”

दाद म्हणजे गाणं ऐकताना आपसूक तोंडातून येणारं ‘वा’, ‘क्या बात है’, किंवा नुसतंच ‘अहाहा’. आबाजी दर शनिवारी कॉलनीतल्या मराठी मुलांना दाद द्यायला शिकवत. यासाठी त्यांच्याकडे एक टेप होती, ताटाएवढ्या चकत्यांवर गुंडाळलेली जुनी स्पूल टेप. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी चार इमली भागातल्या एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर सिंधूताई बोरगावकर मुलतानी गायल्या होत्या. मुलतानी हा दुपार उतरतानाचा राग. तेव्हा आबाजी खात्यात नवे होते आणि टेप त्यांनीच केली होती.

“अठ्ठाविसाव्या मिनिटाला,” आबाजी सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जरासा ओला होई, “सिंधूताईंनी वरचा सा लावला. आणि पंचवीस माणसं एकदम हळहळली. कोणी ठरवलं नव्हतं. याला म्हणतात ऐकणं.”

टेपवर ती हळहळ अगदी स्पष्ट होती. गाणं वर चढत जाई आणि मग पंचवीस तोंडांतून एकदम ‘अरेरेरे’ असा लांब, दुखरा आवाज येई. मुलांनी त्याच क्षणी हळहळायचं, असा शनिवारचा धडा होता. वरच्या मजल्यावरचा निनाद यात पहिला येई. तो इतका तयार झाला होता की सिंधूताईंच्या अर्धा सेकंद आधीच हळहळे.

जुईला मात्र जमत नसे. तिला त्या जागी काहीच होत नसे. तिच्या अंगावर काटा येई तो दोन मिनिटं आधी, सिंधूताई अगदी खाली, स्वतःशीच बोलल्यासारख्या गात तेव्हा. पण तिथे टेपवर सगळे गप्प होते. आणि एके ठिकाणी तर तबलजी हातोडीने तबला ठाकठोक करत असताना कोणीतरी जोरात ‘क्या बात है’ म्हणालं होतं.

“आबाजी, इथे तर गाणं चालूच नाहीये,” जुईने एकदा विचारलं.

“खरा जाणकार तबला मिळवतानाही दाद देतो,” आबाजी म्हणाले. “तुला ते कळायला वेळ लागेल.”

जुईने मान हलवली. आपला कान बहुतेक वडिलांकडून आलाय, कोबीवाल्या बाजूने, असं तिला वाटलं.

आणि मग अभिजीतकाकाच्या डोक्यात लॉसलेस आलं.

लॉसलेस म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. घाई नाही. थंडी संपली की तुमच्या घरी रजया कपाटात जातात. कपाट लहान, रजई मोठी. मग दोन उपाय असतात. एक उपाय म्हणजे रजईचे कोपरे कापायचे. कोपरा काय, कोणाच्या अंगावर येतो? कापला तरी कोणाला कळणार नाही. इंटरनेटवरून येणारं बरंचसं गाणं असंच येतं. जे आवाज माणसाला बहुधा ऐकू येणार नाहीत असं कॉम्प्युटरला वाटतं, ते तो फेकून देतो आणि उरलेली छोटी रजई पाठवतो. दुसरा उपाय म्हणजे रजई पिशवीत घालून तिच्यावर बसायचं, हवा काढायची, दोरीने आवळायची. जागा थोडी जास्त लागते, पण दोरी सोडली की अख्खी रजई परत फुगते, कोपऱ्यांसकट. हे लॉसलेस. यात काही म्हणजे काही हरवत नाही.

“काही म्हणजे काहीच नाही?” आबाजींनी विचारलं.

“काहीच नाही, बाबा. टेपवर जे आहे ते सगळं,” अभिजीतकाका म्हणाला.

“मग पहिली सिंधूताईंची मुलतानी,” आबाजी म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी जवाहर चौकात राहणाऱ्या सिंधूताईंना फोन केला. तीन वेळा केला. दोनदा त्या नाही म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा बरं म्हणाल्या. त्या स्वतः ऐकायला येणार होत्या. रविवारी, चार वाजता.

त्या आठवड्यात अभिजीतकाकाने स्पूल टेप नव्याने कॉम्प्युटरवर घेतली आणि जुईच्या डोक्यावर मोठे हेडफोन घातले. “ऐक. फरक कळतो का बघ.”

जुईने दहा सेकंद ऐकलं आणि हेडफोन काढले. “काका, ही शिट्टी कसली आहे?”

“कसली शिट्टी?”

“सुईसारखी. सतत चालू आहे. कानात टोचतेय.”

अभिजीतकाकाने ऐकलं. त्याला काही आलं नाही. त्याने आवाज वाढवून ऐकलं. शोभाआजी, म्हणजे जुईची आजी, स्वयंपाकघरातून पोहे घेऊन आली होती, तिलाही ऐकवलं. “मला तर तुझे आजोबा हाक मारतात तेही ऐकू येत नाही,” आजी म्हणाली. “मुद्दाम, ती गोष्ट वेगळी.”

तुमच्या कानात आणि आजीच्या कानात हा फरक असतोच. माणूस जन्मतो तेव्हा त्याला खूप बारीक, खूप उंच आवाज ऐकू येतात. मग वय वाढतं तसतसे वरच्या बाजूचे आवाज एकेक करून निघून जातात, आणि गेले ते त्याला कळतही नाहीत, कारण ऐकू न येणारी गोष्ट गेली हे कळणार कसं? म्हणून ज्या घरात सात जाणकार बसतात, तिथे सगळ्यात चांगला कान बहुधा चिवड्याजवळ बसलेला असतो.

अभिजीतकाकाचा जुईवर विश्वास होता. त्याने पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. खाली सिंधूताईंचं गाणं ढगांसारखं पसरलं होतं, आणि वर, सगळ्यांच्या वर, पट्टीने काढावी तशी एक सरळ रेघ होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याने रेघेजवळचा आकडा पाहिला आणि तो हसायला लागला.

“पंधरा हजार सहाशे पंचवीस. जवळजवळ तेवढंच. जुई, सहाशे पंचवीस गुणिले पंचवीस कर.”

जुईने हातावर पेनने गुणाकार केला. आलं पंधरा हजार सहाशे पंचवीस.

“जुना टीव्ही,” काका म्हणाला. “तो मोठ्या काचेच्या पेटीचा. त्याच्यात एक चित्र सहाशे पंचवीस ओळींचं असायचं आणि एका सेकंदात अशी पंचवीस चित्रं. आवाज बंद केला तरी आतलं यंत्र ही शिट्टी घालत राहायचं. म्हणजे मैफल चालू होती त्या खोलीत, माइकच्या जवळपास, टीव्ही चालू होता. पूर्ण वेळ. आजवर आपण, शनिवारच्या धड्यातसुद्धा, टेपची कोपरे कापलेली नक्कल ऐकवत होतो, म्हणून ही रेघ गेली होती.”

दोघांनी शोभाआजीकडे पाहिलं. आजी पोह्यांवर लिंबू पिळत होती. ती लिंबू पिळतच राहिली, त्यात रस उरला नव्हता तरी.

“आजी, तू होतीस ना तिथे?”

“होते की.”

“टीव्ही होता?”

आजीने लिंबाची फोड खाली ठेवली. “मला वाटलं होतं हे कोणी विचारायच्या आधी मी जाईन,” ती म्हणाली आणि खाली बसून, पदर तोंडाला लावून, आवाज न करता इतकी हसली की पोह्यांचं ताट हललं.

मग तिने सांगितलं. साहेबांनी मैफलीची तारीख महिनाभर आधी ठरवली होती आणि त्याच दुपारी भारताची क्रिकेटची मॅच निघाली. मैफल रद्द करणं साहेबांच्या अब्रूला शोभलं नसतं आणि मॅच सोडणं त्यांना झेपलं नसतं. तेव्हा त्यांनी नव्या इंजिनिअरला बोलावलं आणि सांगितलं, टीव्ही बाईंच्या मागे ठेव, आवाज बंद कर.

“मागे?” जुईने विचारलं.

“गाणारा कुठे बघतो? ऐकणाऱ्यांकडे. आणि ऐकणारे कुठे बघतात? गाणाऱ्याकडे. सगळी पुरुषमंडळी दोन तास इतक्या एकाग्रपणे समोर बघत होती की बिचाऱ्या सिंधूताईंना वाटलं असेल, काय भक्त मंडळी आहेत.”

“आणि ते वा?”

“चौकार.”

“तबला ठोकताना क्या बात है?”

“तो षटकार होता. मला आठवतंय, कारण तुझे आजोबा अर्धे उभे राहिले होते.”

जुईने पडद्याकडे बोट केलं. अठ्ठावीस मिनिटं. “आणि हे?”

“आपला चांगला खेळणारा कोणीतरी गेला,” आजी म्हणाली. “कसा गेला ते तुझ्या आजोबांना विचार.”

जुई आबाजींना विचारायला गेली. ते बाल्कनीत कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेप यंत्राचं तोंड पुसत होते.

“आबाजी, त्या दिवशी टीव्ही कुठे ठेवला होता?”

“कोणता टीव्ही?”

“सिंधूआजींच्या मागचा.”

आबाजींनी तोच भाग पुन्हा पुसला. मग तिसऱ्यांदा पुसला. “तुला आजीने सांगितलं?”

“टेपने सांगितलं. मग आजीने.”

आबाजींनी बोळा पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आबाजी खोटारडे नव्हते. पहिल्या वर्षी ही गोष्ट सांगताना त्यांनी फक्त टीव्ही वगळला, कारण तो सांगायला बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या वर्षी टीव्ही नसलेली गोष्ट जास्त छान वाटली. दहाव्या वर्षी त्यांच्या आठवणीतल्या खोलीत टीव्हीच्या जागी फुलदाणी आली होती. तुम्हीही शाळेतला एखादा पराक्रम चाळीस वर्षं सांगून बघा.

“साहेबांचा हुकूम होता,” आबाजी शेवटी म्हणाले.

“आणि हळहळ?”

“हळहळ गाण्याचीच होती.” थोडं थांबून ते म्हणाले, “थोडी गाण्याचीही होती.” मग आणखी थांबून, “रन आउट होता तो. दोघंही एकाच बाजूला. कसं हळहळायचं नाही, सांग.”

“मग मी रविवारी काय करू? निवेदनाच्या कागदात तुम्ही लिहिलंय की सारी मैफल सुरात हळहळली.”

हो, हे सांगायचं राहिलं. जुईला माइक मिळाला होता. आदल्या शनिवारी, इतर मुलांच्या आवाजात आवाज मिसळून, तिने हळहळण्याची परीक्षा पार केली होती. गाण्यानंतरचं निवेदन ती वाचणार होती.

आबाजींनी बोळा खाली ठेवला आणि तिला जवळ बसवलं. “हे बघ बेटा. सिंधूताई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी कित्येक वर्षांत मैफल केली नाही. ती दाद हेच त्यांचं धन. आता त्यांना जाऊन सांगायचं का, की बाई, लोक तुम्हाला नाही, मॅचला हळहळले? त्यात कोणाचं भलं आहे?”

जुईला हे बोलणं आवडलं. एखाद्याचं मन राखणं चांगलंच असतं, आणि शिवाय त्यात माइकही मिळत होता. जेव्हा चांगली गोष्ट आणि सोयीची गोष्ट एकाच दाराने आत येतात, तेव्हा माणूस फार चौकशी करत नाही. जुईनेही केली नाही. तिने कागद पाठ केला.

“आणि ऐनवेळी तुला जमणार नसेल तर सांग,” आबाजी म्हणाले. “निनाद तयार आहे.”

“जमेल,” जुई म्हणाली.

रविवारी सिंधूताई आल्या. लहानशा, सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. तीन मजले चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबल्या आणि प्रत्येक मजल्याला काही ना काही नाव ठेवून वर आल्या.

“तुम्हीच ना ते, खांबावर चढणारे?” त्यांनी आबाजींना विचारलं.

“मी इंजिनिअर होतो,” आबाजी म्हणाले.

“तेच ते. टेपची वायर माझ्या पायात आली होती.”

सतरंजीवरच्या सातही जणांनी त्यांना वाकून नमस्कार केला. खुर्ची दिली ती त्यांनी नाकारली आणि स्पीकर जवळ म्हणून जुईच्या टेबलाशेजारी पाट घेऊन बसल्या. निनाद दाराशी उभा राहिला, गरज पडली तर असावा म्हणून. चार वाजता अभिजीतकाकाने बटण दाबलं आणि मुलतानी सुरू झाली. माइक बंद होता, दिवा विझलेला होता. निवेदनाची वेळ येईपर्यंत हळू आवाजात बोललं तरी बाहेर जाणार नव्हतं.

जुईच्या कानात शिट्टी टोचत होती. बाकी कोणालाच ती येत नव्हती. पहिला ‘वा’ आला. सातही जण ‘वा’ म्हणाले.

“हा वा कशासाठी होता ते मला आजवर कळलेलं नाही,” सिंधूताई जुईच्या कानाशी म्हणाल्या. “मी तेव्हा पदर सावरत होते.”

जुई कागदाकडे बघत राहिली.

सव्वीस मिनिटं झाली. सिंधूताई खाली आल्या, अगदी खाली, स्वतःशी बोलल्यासारख्या. जुईच्या हातावर काटा आला. तिने चोरून बाजूला पाहिलं, तर पाटावर बसलेल्या सिंधूताईंचे डोळे भरले होते. मग गाणं वर चढायला लागलं. सतरंजीवर सगळे सरसावून बसले. घोरणारेही जागे झाले. निनादने वेळेच्या अर्धा सेकंद आधी ‘अरेरेरे’ केलं, आणि मग टेपवरच्या पंचवीस माणसांबरोबर सातही जण आणि आबाजी हळहळले, आबाजी सगळ्यात जोरात.

सिंधूताईंनी जुईचं मनगट घट्ट पकडलं.

“ऐकलंस?”

“काय?”

“सा. उतरला माझा. केसाएवढा. आणि सगळ्यांना कळलं.” त्यांचा आवाज सरळ होता, बाजारभाव सांगावा तसा. “पंचवीसच्या पंचवीस माणसांना. एवढे जाणकार लोक मी कुठे पाहिले नाहीत. नागपूरला उतरला असता तर चार जणांना कळलं असतं आणि तेही चहाच्या वेळी बोलले असते. इथे तोंडावर हळहळले. त्या दिवसापासून मुलतानी लोकांपुढे गायले नाही मी. मग दुसरेही राग भीतभीतच गायले, आणि भीतभीत गाण्यापेक्षा शाळेत मुली शिकवलेल्या बऱ्या, म्हणून ते केलं.”

जुईने हातातला कागद दुमडला.

“तुझे आजोबा फोनवर त्याच जागेबद्दल बोलले,” सिंधूताई म्हणाल्या. “मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे, टोमणासुद्धा आदराने मारतो. म्हटलं, एकदा धीर करून ऐकून यावं. किती उतरला होता ते तरी कळेल. मरायच्या आधी माप तरी कळावं.”

हे ऐकताना जुईला एक गोष्ट आठवली, जी ती आठवडाभर पडद्यावर बघत होती आणि तरी तिने पाहिली नव्हती. सूर सरळ होता. मग हळहळ सुरू झाली. आणि हळहळ सुरू झाल्यावर सूर हलला.

“सिंधूआजी,” ती म्हणाली, “आधी हळहळ आहे. मग सूर उतरलाय.”

“असं कसं होईल?”

“मी खूप वेळा ऐकलंय. नवीन टेपमध्ये स्पष्ट कळतं. ते आधी ओरडले, म्हणून तुम्ही दचकलात.”

सिंधूताई तिच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं एका बाजूने पाहिलेली गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहायला वेळ लागतो. मग त्यांनी जो प्रश्न कोणीही विचारला असता, तोच विचारला.

“सूर उतरलाच नव्हता, तर मग ते हळहळले कशाला?”

जुई उठली. सतरंजीच्या कडेकडेने, लोकांचे गुडघे ओलांडत, चिवड्याच्या ताटाला वळसा घालून ती आबाजींजवळ गेली आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू जाताना तिला दिसला. त्यांनी एकदा सिंधूताईंकडे पाहिलं, एकदा समोर बसलेल्या सात माणसांकडे, ज्यांना त्यांनीच हळहळायला शिकवलं होतं.

“नंतर सांगू त्यांना,” ते कुजबुजले. “घरी जाऊन सांगू. त्या एकट्या असताना.”

“आत्ता विचारतायत त्या.”

“सगळ्यांसमोर कसं, जुई? लोक काय म्हणतील? आत्ता कागदावर आहे ते वाच.”

“आणि नाही वाचलं तर?”

आबाजींची नजर दाराकडे गेली. निनाद दारात ताठ उभा होता आणि त्याच्या खिशात कागदाची नक्कल होती.

जुई परत जागेवर आली. गाणं शेवटाकडे आलं होतं. तबला वेगात चालला होता. सिंधूताई स्पीकरकडे बघत मान किंचित हलवत होत्या, हिशेब चुकतोय हे कळावं पण कुठे ते सापडू नये तशा. जुईने कागद उघडला. ‘या ठिकाणी सारी मैफल सुरात हळहळली. अशी दाद आता ऐकायला मिळत नाही.’ आबाजींचं अक्षर सुंदर होतं. जुईने ते वाक्य आरशासमोर वीस वेळा म्हटलं होतं आणि वीसही वेळा आपला आवाज तिला आवडला होता.

गाणं संपलं. टेपवर टाळ्या वाजल्या. त्यातल्या काही टाळ्या जरा जास्तच मनापासून होत्या, कारण मॅच शेवटी आपण जिंकलो होतो, पण ते आजीने नंतर सांगितलं.

अभिजीतकाकाने बोट वर केलं. तीन, दोन, एक. लाल दिवा लागला.

जुईने कागद पालथा ठेवला.

“नमस्कार,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज कॅनडापर्यंत गेला. “रेडिओ सेवनियावर आपण आत्ता राग मुलतानी ऐकलात. गायिका सिंधूताई बोरगावकर. त्या इथे बसल्या आहेत आणि त्यांना एक प्रश्न पडला आहे, की अठ्ठाविसाव्या मिनिटाला सगळे का हळहळले. त्याचं उत्तर माझे आबाजी, विनायक पांढरीपांडे देतील. ते त्या दिवशी तिथे होते. टेप त्यांनीच केली. टीव्हीही त्यांनीच लावला होता.”

मग ती खुर्चीवरून उतरली, माइकचं स्टँड दोन्ही हातांनी उचलून सतरंजी ओलांडत नेलं, आबाजींच्या समोर ठेवलं, आणि खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाशी नीट यावा म्हणून त्याचा स्क्रू सैल करून माइक वीतभर खाली घेतला.